अपंगांची भावंडे आणि आपली ज्ञातिसंस्था

(ज्ञातिसभेच्या वार्षिक अधिवेशनात झालेले व्याख्यान. बोलण्याच्या ओघात झालेला पाल्हाळ गाळून येथे दिले आहे.)



आपल्या चिटणीसांनी मला व्याख्यानाचे निमंत्रण दिले तेव्हा विषयाची निवड माझ्यावर सोपविली होती. दिवाणी वकिलीत आयुष्य घालविलेल्या माणसाने मृत्युपत्रावर किंवा घरांच्या पुनर्विकासावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा असावी. माझा आजचा विषय त्यांच्या शेजारचाच आहे. तथापि तो सभेत सहसा कोणी काढीत नाही, म्हणून मी तो घेतला आहे.

आपल्या स्मरणिकेचे जुने अंक मी या निमित्ताने चाळून पाहिले. शालान्त परीक्षेत चमकलेल्या मुलामुलींची छायाचित्रे आहेत, परदेशी गेलेल्यांचे अभिनंदन आहे, दिवंगतांस श्रद्धांजली आहे, वधूवर सूचीची जाहिरात तर प्रत्येक अंकात आहे. आपल्याच ज्ञातीतील ज्या घरांत एखादे मूल जन्मतः वा पुढे आजाराने अपंग झाले, त्या घरांविषयी एक पानही मला आढळले नाही. अशी घरे आपल्यात नाहीत असे कोणी म्हणणार नाही. २०११ च्या जनगणनेत भारतातील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के, नोंदली गेली आहे. एकट्या महाराष्ट्रात ती २९ लाख ६३ हजारांवर होती. त्या वेळी अपंगत्वाचे प्रकार मोजकेच धरले होते, २०१६ च्या कायद्याने ते २१ केले आहेत. तेव्हा हा आकडा पुष्कळच कमी धरलेला आहे. (सरकारी भाषेत आता 'दिव्यांग' म्हणतात. मी जुनाच शब्द वापरणार आहे. तो कोणास उणे लेखण्यासाठी नव्हे हे आपण जाणताच.)

अशा घरांत आईबाप एक प्रश्न नेहमी विचारतात : आमच्या पश्चात याचे कसे होणार? पाहुण्यांपुढे विचारतात, डॉक्टरांपुढे विचारतात, माझ्यासारख्या वकिलापुढेही विचारतात. हा प्रश्न चाललेला असताना त्याच खोलीत त्या मुलाची बहीण किंवा भाऊ चहाचे तबक घेऊन उभा असतो. उत्तर कोणाकडून अपेक्षित आहे हे त्याला दहाव्या वर्षापासून ठाऊक असते. परंतु त्याला कोणी विचारलेले नसते. तो ते करील हे गृहीत असते. मी आज बोलणार आहे तो या तबक घेऊन उभ्या असलेल्या माणसाविषयी, आणि तो वयाने मोठा झाल्यावर त्याच्या पाठीशी आपण काय उभे करतो याविषयी.

हा प्रश्न आपल्या पूर्वजांस इतक्या तीव्रतेने पडला नाही, याची कारणे उघड आहेत. पहिले कारण आयुर्मर्यादेचे. डाऊन सिंड्रोम या जन्मजात अवस्थेचेच पाहा. अमेरिकेतील आकड्यांनुसार १९८३ साली अशा व्यक्तीचे सरासरी आयुष्य सुमारे २५ वर्षांचे होते, आज ते ६० च्या आसपास आहे. म्हणजे पूर्वी असे मूल आईबापांच्या डोळ्यांदेखतच जात असे. आज ते आईबापांच्या मागे वीस-वीस वर्षे राहते, आणि ही वीस वर्षे भावंडांच्या वाट्याची असतात. शिवाय या अवस्थेत पन्नाशीच्या सुमारास स्मृतिभ्रंशाचा आजार जडण्याचा संभव इतरांहून पुष्कळ अधिक असतो. भावाला शिकविलेले सर्व तो विसरू लागतो, तेव्हा बहीण स्वतः साठीला आलेली असते आणि तिचेही गुडघे दुखत असतात.

दुसरे कारण कुटुंबाच्या आकाराचे. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील जननदर १.७ इतका आला. आजोबांच्या वाड्यात एखादा जन्माचा मुका काका असे, तेव्हा त्याला सांभाळावयास पाच भाऊ, त्यांच्या पाच बायका आणि एखादी विधवा आत्या असे. त्या आत्याचे उपकार कोणी मानले नाहीत हा निराळा विषय. आज दोन मुले असतात. एक अपंग असेल तर उरते एकच, आणि ते पुष्कळदा बंगळूरला किंवा टोरांटोला असते.

येथे कायद्याच्या इतिहासाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण भावाभावांतील नाते त्याने बदलले आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत दायविभाग सांगताना पांगळा, आंधळा, वेडा, जड, असाध्य रोगाने ग्रासलेला अशांची यादी दिली आहे आणि त्यांना वाटा नाही, परंतु त्यांचे भरणपोषण केले पाहिजे, असा निर्णय सांगितला आहे. विज्ञानेश्वरांच्या मिताक्षरेने तो पुढे चालविला, आणि आपल्याकडे मिताक्षरेच्या जोडीस चालणाऱ्या नीळकंठभट्टांच्या व्यवहारमयूखातही अपंगांच्या अनधिकाराचा विचार येतो. या नियमात कठोरपणा आहे तसा एक व्यवहारही आहे. ज्याने वाटा घेतला त्याने अन्न घालावयाचे. भाऊ मालक आणि अपंग भाऊ आश्रित, असे हे नाते शेकडो वर्षे चालले.

१९२८ च्या कायद्याने ही अपात्रता बहुतांशी काढून टाकली, मात्र जन्मतः वेडा वा जड असलेल्यास तिने वगळलेलेच ठेवले. शेवटी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या २८ व्या कलमाने रोग, व्यंग वा विकृती यांमुळे कोणाचाही वारसाहक्क जाणार नाही हे स्पष्ट केले. म्हणजे आज आपला अपंग भाऊ आपल्या इतकाच वारस आहे. आता दुसरी बाजू पाहा. त्याच १९५६ साली झालेल्या दत्तक व निर्वाह यांच्या कायद्याने आईबाप व अपत्ये यांच्यावर परस्परांच्या निर्वाहाची जबाबदारी टाकली, त्यात भावंडे नाहीत. वाटा भावाचा झाला आणि त्याला सांभाळण्याचे बंधन मात्र कायद्यातून निसटले. त्या फटीत आज आपली भावंडे उभी आहेत. जी प्रेमाने करतात त्यांना कायद्याने ना अधिकार दिला ना मदत, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे, हे मी पुढे सांगेन.

महाभारतात धृतराष्ट्राला अंधत्वामुळे राज्य मिळाले नाही व ते धाकट्या पांडूकडे गेले हे सर्वांस माहीत आहे. त्यातून पुढे काय झाले तेही माहीत आहे. परंतु अंध माणसाचे भावंड या दृष्टीने पाहावयाचे तर मला पांडूपेक्षा विदुर अधिक जवळचा वाटतो. तो जन्मभर थोरल्या भावाच्या शेजारी बसला. न रुचणारे सांगत राहिला. एकदा भावाने त्याला रागाने घालवून दिले, तो वनात पांडवांकडे गेला, आणि मग त्याच भावाला त्याच्यावाचून करमेना म्हणून संजयाला धाडून परत बोलावून घ्यावे लागले. शेवटी वनातही तो त्याच्याबरोबर गेला. विदुराला कोणी विचारले काय, की बाबा, तुला स्वतःचे काही करावयाचे होते काय? व्यासांनीही विचारलेले नाही.

भावंडांचे नाते हे माणसाच्या आयुष्यातील सर्वांत लांब नाते. आईबाप आधी जातात, पत्नी वा पती मागाहून येतो, परंतु पाठचे भावंड पाळण्यापासून काठीपर्यंत असते. या लांबीचा विचार आपण कधी करीत नाही. अपंग मुलाच्या आईला निदान सहानुभूती मिळते. त्याच्या बहिणीला लहानपणी 'तू तरी शहाण्यासारखी वाग' एवढेच ऐकू येते. तिने परीक्षेत पहिले यावे, कारण घरात एक कमी आहे. तिने आजारी पडू नये, कारण आईला आधीच पुष्कळ आहे. भावाचा राग आला तर तो बोलू नये, कारण त्याला कळत नाही. आणि त्याच वेळी जगात कोणी त्या भावाला हसले तर ही मुलगी वाघिणीसारखी अंगावर जाते, कारण तो तिचा भाऊ आहे. हे दोन्ही एकाच मनात नांदते. माया आणि थकवा एकमेकांस खोटे पाडीत नाहीत, एवढे जरी आपल्या ज्ञातीतील वडीलधाऱ्यांनी मान्य केले तरी पुष्कळ भावंडांचा जीव हलका होईल.

आता विवाहाचा प्रश्न. येथे आपल्या संस्थेचा थेट संबंध येतो, म्हणून मी जरा स्पष्ट बोलणार आहे. वधूवर सूचीच्या अर्जात 'भावंडे' असे एक रकाना आहे. त्यात किती घरांनी खरे लिहिले असेल? 'एक भाऊ, अविवाहित' असे लिहिले जाते. भाऊ अविवाहित आहे हे खरे. तो ३० वर्षांचा असून त्याला अंगरख्याची बटणे लावता येत नाहीत हे मुलगी पाहावयास येणाऱ्यांना सांगितले जात नाही. त्या दिवशी त्याला शेजाऱ्यांकडे बसवितात. मुलगी पोहे घेऊन बाहेर येते तेव्हा तिचे अर्धे लक्ष भिंतीपलीकडे असते, त्याने हाक मारू नये म्हणून. लग्न होते. मग कधीतरी उलगडा होतो आणि सासरी 'फसविले' हा शब्द उच्चारला जातो. त्या शब्दाखाली ती मुलगी वर्षानुवर्षे भावाला भेटावयास जाण्याची परवानगी मागत राहते.

उलट ज्यांनी खरे सांगितले त्यांची स्थळे परत गेली, हेही मी पाहिले आहे. 'घराण्यात दोष आहे' असे म्हणणे फार सोपे असते. पुष्कळशा अपंगत्वांचा आनुवंशिकतेशी काही संबंध नसतो. प्रसूतीच्या वेळी बाळाला प्राणवायू कमी पडला, बाळपणी मेंदूज्वर झाला, तर त्यात घराण्याचा काय दोष? डाऊन सिंड्रोमच्या बहुसंख्य उदाहरणांतही ते आईबापांकडून वारशाने आलेले नसते. काही अवस्था आनुवंशिक असतात हे खरे. त्यांच्यासाठी जनुकतज्ज्ञाचा सल्ला घेता येतो आणि घ्यावा. परंतु ते काम वैद्याचे आहे, मध्यस्थी करणाऱ्या मावशींचे नव्हे.

माझी स्वतःची पाठची बहीण बौद्धिकदृष्ट्या अपंग आहे. तिचे वय ६८ आहे. माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांनी मुलीकडच्यांना पहिल्याच भेटीत तिला पुढे बोलावून सांगितले की ही आमची मुलगी, आणि ही कायम या घरात राहणार. माझ्या श्वशुरांनी दोन दिवसांची मुदत मागितली. ते दोन दिवस आमच्या घरात कोणी फारसे जेवले नाही. तिसऱ्या दिवशी ते आले ते बहिणीसाठी काचेच्या बांगड्या घेऊन. आई गेली त्यास आता २२ वर्षे झाली. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. जाण्यापूर्वी तिने एक दोनशे पानी वही भरून ठेवली. हिला फटाक्यांचे भय वाटते, दिवाळीत मागच्या खोलीत रेडिओ लावून बसवावे. भात गार लागतो. रागावली तर बोलू नये, केस विंचरावे. कोणती गोळी कधी, कोणत्या डॉक्टरांचा हात तिला चालतो, सारे त्यात आहे. ती वही आईने माझ्या हाती दिली नाही. माझ्या पत्नीच्या हाती दिली. काम कोणाला करावे लागणार हे तिला पक्के ठाऊक होते.

माझी बहीण आजही सकाळी चहा झाला की तुळशीला पाणी घालते. बाहेर पाऊस कोसळत असला तर छत्री घेऊन घालते. हे हसण्यासारखे आहे आणि आम्ही हसतोही. परंतु आज आम्ही नवराबायको दोघेही सत्तरीच्या आसपास आहोत, आणि छत्री कोणी धरावी हा विचार आमच्याही घरात सुरू झाला आहे.

वर मी पत्नीचा उल्लेख केला तो सौजन्यापोटी नव्हे. 'भाऊ भावाला सांभाळतो' असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा भावजय सांभाळते. मुलगे परगावी असले तर विवाहित बहीण दोन घरे चालविते, आणि अविवाहित बहीण असली तर तिने लग्न न करणे सर्वांना सोयीचे वाटू लागते. हे कोणी मुद्दाम करीत नाही. स्थळे पाहण्याचा उत्साह हळूहळू कमी होतो, इतकेच.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा मराठी चित्रपट २००४ साली आला. आपल्यापैकी कित्येकांनी तो पाहिला असेल. अतुल कुलकर्णी यांनी स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाची आणि सोनाली कुलकर्णी यांनी त्याच्या बहिणीची भूमिका केली आहे. लोक त्या भावाच्या अभिनयाविषयी बोलतात व ते योग्यच आहे. मी तो पाहिला तेव्हा माझे लक्ष बहिणीवर होते. तिचा संसार, तिचे मूल आणि तिचा भाऊ यांच्यामध्ये तिची जी ओढाताण होते ती मराठी पडद्यावर तोपर्यंत क्वचितच कोणी इतकी सरळ दाखविली असेल.

आता कायद्याने जे दिले आहे ते थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट आईबापांनाच ठाऊक नसते. मूल १८ वर्षांचे झाले की ते अपंग असले तरी कायद्याने सज्ञान होते आणि आईबापांचे नैसर्गिक पालकत्व संपते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांसह एक स्थानिक समिती असते. तिच्यात नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी व एक अपंग व्यक्तीही असते. आईबाप किंवा नातेवाईक तिच्याकडे अर्ज करून पालकाची नेमणूक मागू शकतात, आणि भावंड पालक होऊ शकते. पालक झालेल्याने ६ महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी सादर करावयाची असते व पुढे दरवर्षी हिशेब द्यावयाचा असतो. पुष्कळ भावंडे या हिशेबाला भितात. मी उलट म्हणतो, हा हिशेबच तुमचा आधार आहे. पुढे कोणी चुलत भाऊ उठून 'याने त्याचे पैसे खाल्ले' म्हणाला तर कागद बोलेल.

मानसिक आजार, अंधत्व वा बहिरेपण यांस हा न्यासाचा कायदा लागू नाही. मनोरुग्णांसाठी २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे. त्यात रुग्ण बरा असताना स्वतःच आपला प्रतिनिधी नेमू शकतो, आणि तो भाऊ वा बहीण असू शकते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने तर एक नवीन दृष्टी दिली. शक्य तेथे निर्णय अपंग व्यक्तीच्या जागी न घेता तिच्यासह घ्यावयाचा, आणि मर्यादित पालकत्व लागलेच तर तेवढ्याच कामापुरते. ज्या व्यवहारात मदतनीसाचा स्वतःचा स्वार्थ गुंतला आहे त्या व्यवहारात त्याने मदतीपासून दूर राहावयाचे, असेही त्यात आहे.

या शेवटच्या गोष्टीविषयी एक अनुभव सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दोन भाऊ आले. वडिलांच्या घराचा पुनर्विकास व्हावयाचा होता. तिसरा भाऊ पंचेचाळिशीचा, मोठ्या अक्षरांत आपले नाव तेवढे लिहू शकणारा. त्याचे हक्कसोडपत्र करून द्या, असे ते म्हणाले. ही माणसे दुष्ट नव्हती. तो भाऊ वीस वर्षे त्यांच्याकडेच होता, स्वच्छ कपड्यांत होता, माझ्या कचेरीत खुर्चीवर बसून बिस्किट खात होता. त्यांचे म्हणणे असे की आम्ही याला पोसतो, मग याच्या वाट्याचे वेगळे ते काय? मी त्यांना समितीकडे जाण्यास सांगितले. त्यांनी त्याच्यासाठी किती खर्च केला तो मागता येतो, त्याच्या वाट्याचे पैसे त्याच्या नावे ठेवून व्याजातून खर्च भागविता येतो, हेही सांगितले. ते पुन्हा माझ्याकडे आले नाहीत. मिताक्षरेचा जुना नियम त्यांच्या मनात जसाच्या तसा होता. तो नियम रद्द होऊन आपली आयुष्ये उलटली हे त्यांना वेळेवर कोणी सांगितले नव्हते, आणि ते सांगण्याचे ठिकाण वकिलाची कचेरी नव्हे. तेथे माणूस उशिरा येतो.

काही लहान सोयीही आहेत. आयकराच्या जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्यास अवलंबून असलेल्या अपंग भावाबहिणीसाठीही उत्पन्नातून ७५ हजारांची, व अपंगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १ लाख २५ हजारांची वजावट मिळते. ही सवलत फक्त आईबापांसाठी आहे अशी समजूत सर्रास आढळते. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत त्या चार अवस्थांसाठी १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा आहे. वडील सरकारी नोकर असतील तर त्यांच्या पश्चात अपंग अपत्यास, अटी पूर्ण झाल्यास, आजन्म कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठीचे वैद्यकीय दाखले वडील हयात असतानाच करून ठेवावेत. ते गेल्यावर ही धावपळ बहिणीच्या वाट्यास येते, आणि तिची रजा संपलेली असते.

राहता राहिला संस्थेत ठेवण्याचा प्रश्न. आपल्याकडे 'ठेवणे' हा शब्दच असा उच्चारतात की समोरच्याने मान खाली घालावी. मुंबईची जय वकील शाळा १९४४ साली एका पारशी दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने सुरू केली. बदलापूरची 'आधार' ही संस्था आईबापांनीच एकत्र येऊन उभी केली. मुळशी तालुक्यात कोळवणला १९९४ पासून 'साधना व्हिलेज' आहे. तेथे प्रौढ बौद्धिक अपंग व्यक्ती घरासारख्या वातावरणात एकत्र राहतात, शेतात व स्वयंपाकघरात काम करतात. चांगल्या जागा थोड्या आहेत आणि रांगा लांब आहेत. वाईट जागाही आहेत, हे मी लपवीत नाही. परंतु ज्या भावाने पाहून, विचारून, महिन्यातून दोनदा जाऊन आपल्या बहिणीला अशा ठिकाणी राहू दिले त्याला ज्ञातीच्या कार्यात कोणी 'टाकली बहिणीला' म्हणावयाचे नाही, एवढा संकेत आपण पाळावयास हवा. घरी राहिलेली अपंग व्यक्ती सुखीच असते असेही नाही. चौथ्या मजल्यावर खिडकीशी दिवसभर बसविलेली माणसे मी पाहिली आहेत.

परदेशांत भावंडांना एकत्र आणण्याचे काम पुष्कळ वर्षांपूर्वी सुरू झाले. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे डॉन मायर यांनी १९८२ साली अपंगांच्या लहान भावंडांसाठी मेळावे सुरू केले. त्यांत खेळ असतो, खाणे असते आणि मध्येच बोलणे असते. ब्रिटनमध्ये 'सिब्ज' नावाची संस्था प्रौढ भावंडांसाठीही काम करते. त्यांच्या पद्धती जशाच्या तशा उचलाव्यात असे नाही. आपल्याकडे माणसे खुर्च्या वर्तुळात मांडून मन मोकळे करीत नाहीत. हळदीकुंकवाला किंवा पंगत वाढताना करतात. मुद्दा इतकाच की ज्याने तेच भोगले आहे अशा दुसऱ्या माणसाशी बोलता आले पाहिजे. आईबापांच्या संघटना आपल्याकडे झाल्या, भावंडांचे अजून तसे काही फारसे झालेले नाही.

ज्ञातिसंस्था हे काम करण्यास योग्य आहे काय? जातींच्या संस्थांनी काय काय केले आणि काय काय करावयास नको होते, हा वाद मी येथे काढीत नाही. पण लग्न, वसतिगृह आणि मर्तिक या तीन प्रसंगी माणूस अजूनही या इमारतीत येतो, आणि भावंडांचे प्रश्न नेमके या तीन प्रसंगीच उफाळून येतात. त्यातही एक मर्यादा आहे, ती आरंभीच सांगावी. या कामासाठी येणारे कुटुंब आपल्या ज्ञातीचे आहे की नाही हे दारात विचारता कामा नये. अपंगांच्या भावंडांची ज्ञात आधीच फार लहान आहे.

कार्यकारी मंडळापुढे मी काही सूचना लेखी ठेवल्या आहेत. वधूवर सूचीच्या अर्जात 'भावंडे' या रकान्याशेजारी 'कुटुंबात विशेष आधाराची गरज असलेली व्यक्ती' अशी जागा असावी, ती भरणे ऐच्छिक असावे, आणि ज्यांना अशा घराशी सोयरीक करण्यास हरकत नाही त्यांनाही तसे लिहिण्याची सोय असावी. माझा असा अदमास आहे की या दुसऱ्या रकान्यात आपल्याला वाटतात त्याहून अधिक नावे येतील, आणि त्यांतील बरीच अशाच घरांतली असतील. दुसरे म्हणजे शिष्यवृत्ती देताना घरात अपंग भावंड असलेल्या विद्यार्थ्याचा वेगळा विचार व्हावा. तो अभ्यास कोणत्या वेळात करतो हे गुणपत्रिकेवर दिसत नाही. तिसरी सूचना ज्ञातिगृहाच्या तळमजल्यावरील दोन खोल्यांविषयी आहे. लग्नसराई वगळता त्या रिकाम्या असतात. सांभाळणाऱ्या भावंडाला स्वतःच्या शस्त्रक्रियेसाठी, मुलाच्या लग्नासाठी किंवा नुसत्या चार दिवसांच्या विश्रांतीसाठी जावयाचे असेल, तर तेथे एका प्रशिक्षित बाईंच्या देखरेखीखाली अपंग व्यक्तीची राहण्याची व्यवस्था करता येईल. खर्चाचा तपशील खजिनदारांकडे दिला आहे. ते अजून त्यावर विचार करीत आहेत, आणि विचार करताना त्यांचा चेहरा कसा होतो हे आपण जाणता.

मंडळाच्या निर्णयाची वाट न पाहता एक गोष्ट मी सुरू करीत आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी ९ पासून मी आपल्या वाचनालयात बसेन. पालकत्वाचा अर्ज, मृत्युपत्र, निवृत्तिवेतनाचे कागद, जे असेल ते घेऊन यावे, त्याची फी नाही. आईबापांनी एकटे येऊ नये, मुलामुलींना बरोबर आणावे, आणि ज्याच्याविषयी बोलावयाचे त्यालाही आणावे. माझी पत्नी बरोबर असेल. आईची ती वही ती घेऊन येणार आहे, ज्यांना तशी लिहावयाची असेल त्यांना पाहता येईल. कोरी वही मात्र प्रत्येकाने आपली आणावी. माझी बहीणही येईल. तिला गर्दी आवडते, आणि चहा तिनेच वाटावयाचा असे तिने आतापासून ठरविले आहे.